जॉन टेनियल हे मुळात मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार होते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: ‘ॲलिस इन वंडरलँड’ची मूळ चित्रे काढणारे जॉन टेनियल हे बालसाहित्याचेच चित्रकार होते का, आणि त्यांच्यानंतर इतक्या जणांनी ॲलिस रेखाटूनही त्यांचीच चित्रे प्रमाण का मानली जातात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि माझ्या मते दुसऱ्याचे उत्तर त्या ‘नाही’तच सापडते.

टेनियल यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८२० रोजी लंडनमध्ये झाला. वडील तलवारबाजी आणि नृत्य शिकवीत असत. विसाव्या वर्षी वडिलांबरोबर सराव करताना त्यांच्या तलवारीच्या टोकावरचे संरक्षक बोंड निसटले आणि मुलाच्या उजव्या डोळ्याला इजा होऊन त्याची दृष्टी गेली. वडिलांना जन्मभर बोच लागू नये म्हणून इजा किती गंभीर आहे हे टेनियल यांनी त्यांना कधीच कळू दिले नाही. रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत ते दाखल झाले होते, परंतु तेथील शिकवणीने समाधान न झाल्यामुळे त्यांनी ती सोडली आणि पुढचे शिक्षण बहुतांशी स्वतःचे स्वतःच केले.

१८५० च्या अखेरीस ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातील चित्रकार रिचर्ड डॉइल यांनी, त्यात पोपवर होणाऱ्या टीकेमुळे, राजीनामा दिला आणि त्यांची जागा टेनियल यांना मिळाली. तेथे ते १९०१ पर्यंत राहिले आणि त्यांनी दोन हजारांहून अधिक राजकीय व्यंगचित्रे काढली. १८९३ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८५७ च्या उठावाच्या वेळी, बंगालच्या वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह त्यांनीच रेखाटला होता. सूडाची उघड हाक देणारे ते चित्र आपल्यासारख्या वाचकाला आज सुखाने पाहवत नाही, पण त्यातील जनावरांचा जिवंतपणा नाकारता येत नाही. पुढे ससा, मांजर आणि सुरवंट काढणारा हात तो हाच.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. बुधवारी रात्री ‘पंच’च्या मंडळींच्या जेवणात विषय ठरे, गुरुवारी त्यावर विचार आणि कच्चे रेखाटन होई, शुक्रवारी दिवसभर मान खाली घालून ते चित्र लाकडी ठोकळ्यावर उतरवले जाई, आणि संध्याकाळी कोरीवकाम करणाऱ्याकडचा मुलगा येऊन तो ठोकळा घेऊन जाई. समोर मॉडेल बसवून ते कधीच काढत नसत. एकदा पाहिलेली वस्तू आपल्या लक्षात राहते, असे ते सांगत. एका डोळ्याने पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य विशेष वाटते. ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरल यांना मात्र ही सवय खटकली. ॲलिसचे डोके काही चित्रांत मोठे आणि पाय फार लहान झाले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. ती खोटी नाही. चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर सहज दिसते.

कॅरल यांनी मूळ हस्तलिखितासाठी स्वतः ३७ चित्रे काढली होती, पण ती छापण्याजोगी नाहीत हे ते जाणून होते. १८६४ मध्ये त्यांनी टेनियल यांना गाठले, त्यांनी होकार दिला आणि ४२ चित्रे तयार झाली. त्यांचे १३८ पौंड मानधन कॅरल यांनी स्वतःच्या खिशातून दिले.

या चित्रांत राजकीय व्यंगचित्रकार जागोजागी दिसतो. ‘मॉक टर्टल’ (नकली कासव) हा प्राणी कसा दिसतो, याचे वर्णन कॅरल करत नाहीत. कासवाच्या सुपाची नक्कल त्या काळी वासराच्या मांसापासून करत असत. टेनियल यांनी कासवाच्या धडाला वासराचे डोके, मागचे खुर आणि शेपूट जोडून तो सगळा विनोद एका दृष्टिक्षेपात उलगडला. ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेला काल्पनिक प्राणी) कसा असतो हे माहीत नसेल तर चित्र पाहा, असे तर लेखक वाचकाला चक्क सांगूनच मोकळा होतो. वेड्या टोपीवाल्याच्या टोपीत खोचलेली दहा शिलिंग सहा पेन्सची चिठ्ठी घ्या: ती चित्रकाराची भर आहे, आणि तिच्यामुळे विकायची टोपीच हा माणूस घालून बसला आहे हे न सांगता कळते. मंत्र्यांना प्राण्यांची रूपे देऊन मुद्दा एका चौकटीत पोहोचवणे हा ज्याचा दर आठवड्याचा उद्योग होता, त्यालाच हे इतके सहज साधले. शिवाय यातील एकही पात्र वाचकाकडे पाहून ‘हसा’ असे सुचवत नाही. घड्याळ पाहणारा ससा एखाद्या उशीर झालेल्या कारकुनाइतकाच चिंतेत आहे. नंतरच्या अनेक चित्रकारांनी ही पात्रे गोड किंवा विक्षिप्त केली, आणि तेथेच ती फसली असे मला वाटते.

आपण पाहतो ती रेषा मात्र सर्वस्वी टेनियल यांची नाही. त्यांनी ठोकळ्यावर पेन्सिलीने उलटे चित्र उतरवायचे, आणि डॅलझिएल बंधूंच्या कारागिरांनी रेषांच्या मधले लाकूड कोरून काढून रेषा उभ्या ठेवायच्या, अशी ती पद्धत होती. ठशाच्या रेषा अशा उंच राहत असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच पानावर एकत्र छापता येत असे. १८६५ मध्ये ऑक्सफर्डला पुस्तकाच्या २००० प्रती छापल्या गेल्या तेव्हा चित्रांच्या छपाईवर टेनियल नाराज झाले, आणि कॅरल यांनी मोठे नुकसान सोसून ती आवृत्ती मागे घेतली व पुस्तक दुसरीकडे नव्याने छापून घेतले. त्या मागे घेतलेल्या छपाईच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत.

‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकासाठी टेनियल यांनी बराच काळ नकार दिला आणि अखेर ५० चित्रे काढली. या वेळी लेखकालाही माघार घ्यावी लागली. केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी चित्रकलेच्या आवाक्याबाहेरची आहे, असे टेनियल यांनी १८७० मध्ये कॅरल यांना कळवले आणि तो भाग गळाला. त्याची तपासणीसाठी काढलेली मुद्रिते थेट १९७४ मध्ये उजेडात आली. जॅबरवॉक हा राक्षस मुखचित्र म्हणून जायचा होता, पण तो फार भीतिदायक तर नाही ना, हे कॅरल यांनी सुमारे तीस मातांना विचारले आणि शेवटी त्याला आतल्या पानावर धाडले. या पुस्तकानंतर पुस्तकांसाठी चित्रे काढण्याची आपली शक्तीच सरली, असे टेनियल म्हणत. पुढे ‘नर्सरी ॲलिस’ या अगदी लहान मुलांसाठीच्या आवृत्तीसाठी जुन्याच चित्रांपैकी वीस त्यांनी मोठी करून रंगवली. त्यांत ॲलिसचा झगा पिवळा आहे, निळा नाही!

पुस्तक विकत घेणार असाल तर चित्रांची जागा आधी तपासा. चेशायर मांजराची दोन चित्रे लागोपाठच्या दोन उजव्या पानांवर एकाच ठिकाणी हवीत, म्हणजे पान उलटताच मांजर विरून जाताना दिसते. तसेच ‘लुकिंग ग्लास’मध्ये आरशात शिरणारी आणि आरशातून बाहेर येणारी ॲलिस एकाच पानाच्या पुढच्या व मागच्या बाजूला हवी. मागच्या बाजूला घड्याळाला हसरा चेहरा फुटलेला असतो. स्वस्त आवृत्त्यांत ही चित्रे कुठेही टाकलेली आढळतात, आणि काहींत तर झिजलेल्या छापांवरून घेतल्यामुळे बारीक छायारेषांचा नुसता काळा डाग होतो. मूळ लाकडी ठोकळे १९८५ मध्ये लंडनमधील एका बँकेच्या तिजोरीत सापडले आणि आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांवरून घेतलेले छाप कुठे पाहायला मिळाले, तर जॅबरवॉकच्या पंखांमागचे जंगल अवश्य निरखा.