हेअर पॅचसाठी स्विस लेस घ्यावी की फ्रेंच लेस?
टक्कल झाकणाऱ्या हेअर पॅचचे केस ज्या पातळ जाळीला गाठींनी बांधलेले असतात, तिला लेस म्हणतात. कोणती घ्यावी, याचे उत्तर कपाळावरची केसरेषा किती उघडी राहणार यावर अवलंबून आहे. केस मागे वळवायचे असतील, तर स्विस लेस सरस ठरते, कारण तिचा धागा इतका बारीक असतो की कडेची जाळी त्वचेत मिसळून जाते. मात्र जुना गोंद काढताना ती घाईने ओढली, तर तिथेच फाटते. फ्रेंच लेस किंचित जाड आणि अधिक टिकाऊ असते, त्यामुळे नवख्याने माझ्या मते तिच्यापासूनच सुरुवात करावी, किंवा केवळ पुढची कड स्विस लेसची आणि मागचा भाग मजबूत मोनोफिलामेंटचा (एकेरी कृत्रिम धाग्याच्या जाळीचा) असलेला पॅच निवडावा. गडद केसांच्या गाठी मात्र दोन्हींत बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या ब्लीच केलेल्या आहेत का, हे घेण्याआधी उजेडात पाहावे.