चार्जिंगला लावलेल्या फोनच्या कडेला झिणझिण्या का येतात आणि त्यांना कधी घाबरावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याच्या सिडकोच्या जुन्या घरात तुमच्या आई संध्याकाळी लोखंडी पलंगावर बसून, फोन चार्जिंगला लावलेला ठेवूनच नातीशी व्हिडिओवर बोलतात. गेल्या आठवड्यापासून फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवले की त्यांना झिणझिण्या येतात. मूळ चार्जर बिघडल्यामुळे स्टेशनबाहेरून दीडशे रुपयांचा चार्जर आणला होता. तुम्ही कडेला टेस्टर लावला, तर दिवा मंद पेटला. फोनमध्ये 230 व्होल्ट उतरले आहेत का, आणि शेजारी म्हणतात त्याप्रमाणे फोन बंद ठेवून चार्ज केला तर चालेल का, हे तुम्हाला हवे आहे.

पुढचे वाचण्याआधी एक काम करा. फोनला हात न लावता बोर्डावरचे बटण बंद करा, तो चार्जर भिंतीतून काढा आणि पुन्हा लावू नका. टेस्टरचा दिवा मंद पेटला एवढ्यावरून चार्जर जीवघेणा ठरत नाही, परंतु तो सुरक्षित आहे हेही त्यावरून ठरत नाही, आणि ज्या वस्तूच्या आत काय आहे हे माहीत नाही ती आईंच्या हातात ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मी 31 वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत विद्युत देखभालीचे काम केले आणि निवृत्तीनंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतील बोर्ड तपासून देतो. एवढ्या वर्षांत माझे जे मत बनले ते असे की ‘चार्जिंगला लावलेला फोन वापरू नये’ हा सल्ला चुकीचा नसला तरी तो बोट चुकीच्या वस्तूकडे दाखवतो. फोनच्या आतल्या बॅटरीचा दाब पूर्ण भरल्यावरही बहुतेक फोनांत साडेचार व्होल्टच्या आसपासच असतो. चार्जरकडून फोनला 5 व्होल्ट मिळतात, जलद चार्जिंगमध्ये 9, 12 किंवा 20 व्होल्ट मिळतात, आणि एवढ्या दाबाने कोरड्या त्वचेतून धोक्याचा प्रवाह वाहत नाही. चार्जर 65 वॉटचा आहे म्हणून त्याचा शॉक मोठा, ही समजूतही खरी नाही. माणसाला मारू शकेल अशी वीज चार्जरच्या भिंतीकडच्या बाजूला असते. फोन बोलण्यासाठी वापरता की नुसता उचलता, तो चालू आहे की बंद, याने त्या विजेला काही फरक पडत नाही. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. फोन वापरताना फरक पडतो तो इतकाच की हात त्याच्यावर बराच वेळ असतो, आणि भिंतीकडची वीज रोखणारा चार्जरमधला अडथळा नेमका त्याच वेळी तुटला तर ती वीज हातातून वाहते.

हा अडथळा कसा असतो ते समजून घेणे आवश्यक आहे. चार्जरमध्ये शिरलेले 230 व्होल्ट आधी सरळ केले जातात, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज (एसी) एकाच दिशेची (डीसी) केली जाते, तेव्हा त्यांचा दाब सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातो. मग एक छोटा ट्रान्सफॉर्मर ती ऊर्जा पलीकडच्या बाजूला पोचवतो, पण दोन्ही बाजूंच्या तारांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध येऊ देत नाही. या दोन बाजूंमध्ये मुद्दाम जोडलेला एक भाग असतो, तो म्हणजे बहुधा निळ्या चकतीसारखा दिसणारा वाय वर्गाचा कपॅसिटर (कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग). रेडिओ, टीव्ही यांना होणारा त्रास कमी करण्यासाठी तो लागतो, आणि त्याच्यातून अगदी थोडी वीज पलीकडे झिरपते. 1 नॅनोफॅरडचा असा कपॅसिटर 50 हर्ट्झला सुमारे 32 लाख ओहमचा अडथळा धरतो. म्हणजे पूर्ण 230 व्होल्ट त्याच्यावर आले तरी फोनपर्यंत जेमतेम 0.07 मिलिअँपिअर येतो. शरीराला प्रवाह जाणवू लागतो तो साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला, पण धातूच्या बारीक कडेवरून बोट हलके फिरवले तर त्याहून कमी प्रवाहही खरखरीसारखा जाणवतो. टेस्टरचा निऑन दिवा तर मिलिअँपिअरच्या लहानशा अंशावरही पेटतो. मल्टिमीटर लावला असता तर 90-100 व्होल्टसुद्धा दिसले असते आणि तुम्ही आणखी घाबरला असता. तो आकडा खरा असला तरी त्यामागे जोर नसतो, कारण हात लागताच तो दाब कोसळतो. चांगल्या कंपनीच्या चार्जरवरही, विशेषतः अनवाणी पाय फरशीवर असताना, अशा झिणझिण्या येऊ शकतात आणि त्या निरुपद्रवी असतात.

मग भीती कशाची? ती अशी की तीच झिणझिण दुसऱ्या कारणानेही येते, आणि ती दोन कारणे बोटाला वेगळी कळत नाहीत.

तुम्ही लिहिलेल्या प्रकारचा एक चार्जर मी ठाण्यात माझ्या भाच्यासाठी उघडून पाहिला होता. (तुम्ही उघडू नका. भिंतीतून काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ 300 व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.) चांगल्या चार्जरच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर भिंतीकडची बाजू आणि फोनकडची बाजू यांत पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढी मोकळी जागा सोडलेली असते आणि पुष्कळदा मधोमध एक खाचही कापलेली असते. त्या चार्जरमध्ये दोन्ही बाजूंचे डाग (सोल्डरचे जोड) नखाच्या जाडीइतके जवळ होते आणि त्यांच्यावर डाग देताना सांडलेला शिशाचा एक थेंब वाळून बसला होता. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये पिवळ्या चिकटपट्टीचा एकच वेढा होता. वाय वर्गाच्या निळ्या चकतीच्या जागी साधा तपकिरी कपॅसिटर बसवला होता. वाय वर्गाचा कपॅसिटर बिघडला तर त्याच्यातली वाट तुटून वीज थांबावी अशा रीतीने घडवलेला आणि तपासलेला असतो. साधा कपॅसिटर बिघडताना आतल्या आत जुळून (शॉर्ट होऊन) जाऊ शकतो, आणि तसे झाले तर 32 लाख ओहमचा तो अडथळा नाहीसा होतो. ओल्या हाताचा आणि ओल्या पायाचा माणूस मधे असेल तर त्याच्या शरीराचा अडथळा हजार-दीड हजार ओहमच्या घरात येतो. 230 ला 1,500 ने भागा, 150 मिलिअँपिअर येतात. 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून पकड सुटत नाही आणि 30 च्या वरचा प्रवाह काही काळ छातीतून वाहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. त्या पट्टीवरचा तो थेंब मी बराच वेळ पाहत बसलो, कारण भाच्याची मुलगी त्याच चार्जरला लावलेला फोन पोटावर ठेवून झोपत असे.

तारेचे इअरफोन याच कारणाने जास्त वाईट. त्यांच्या तारा फोनच्या धातूशी जोडलेल्या असतात आणि त्यांची दुसरी टोके घामाने ओल्या कानात असतात. महापे येथील एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारच्या सुट्टीत एक तरुण कामगार तसाच बसला होता आणि मी पाहिले तेव्हा तो बाकावरून खाली पडलेला होता. त्याच्या सहकाऱ्याने धावत जाऊन बोर्डाचे बटण बंद केले म्हणून तो वाचला. नंतर तपासले, तर चार्जरच्या दोन बाजू आतून एक झालेल्या होत्या.

आता आईंच्या पलंगाकडे वळू, कारण मला खरी काळजी चार्जरइतकीच तिथली वाटते. पॉइंट लांब असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल, आणि त्याची तार पलंगाच्या पायाखालून जात असेल, तर आजच ती पाहा. लोखंडी पाय तार चेपतो, आतले तांबे उघडे पडते आणि पूर्ण पलंगच फेजला, म्हणजे वीज असलेल्या तारेला, लागतो. मग शॉक लागतो तेव्हा हातात फोन असतो आणि दोष फोनवर जातो. तीन-पिनच्या एक्स्टेन्शनला दोन-पिनची टोपी लावून घेतली असेल तर तीही काढून टाका. तिच्यातून अर्थिंग पुढे जात नाही आणि त्या बोर्डावर पुढे धातूच्या अंगाचे काहीही लावले तरी ते असुरक्षित होते. फोन संगणकाच्या यूएसबीला लावून चार्ज करण्याची सवय असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. संगणकाच्या पुरवठ्यातील फिल्टरमुळे, अर्थिंग नसल्यास, त्याच्या धातूच्या पेटीवर साधारण मेन्सच्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो आणि तोच केबलमधून फोनच्या कडेवर येतो.

सिडकोच्या जुन्या इमारतींत अर्थिंगचा प्रश्न मला वारंवार भेटतो. खाडीच्या खाऱ्या हवेने मीटरजवळचे अर्थिंगचे बोल्ट गंजतात, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, आणि घर रंगवताना किंवा फरशी बदलताना कोणीतरी हिरवी तार कापून चिकटपट्टीत गुंडाळून बोर्डामागे सरकवून देतो. काही वायरमन याहून वाईट करतात. अर्थिंग मिळत नाही म्हणून पॉइंटमध्येच न्यूट्रलवरून (परतीच्या तारेवरून) अर्थिंगला लूप मारतात, म्हणजे दोन्ही एकमेकींना जोडून टाकतात. टेस्टरला सर्व ठीक दिसते, परंतु न्यूट्रल कुठे तुटली तर त्या घरातील फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्यावर फेज येते. तसेच काही घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते, आणि मग बटण बंद असले तरी चार्जरपर्यंत फेज पोचलेली असते. म्हणून मी वर बटण बंद करून चार्जर काढायलाही सांगितले.

वायरमनला बोलावताना परवानाधारक बोलवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी मीटरने तपासून घ्या: फेज-न्यूट्रल जागच्या जागी आहेत का, फेज आणि अर्थिंगमध्ये पूर्ण दाब मिळतो का, आणि अर्थिंगला लूप तर नाही ना. तुमच्या बोर्डात फक्त एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर ती तारेला जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. एमसीबी पडायला कित्येक अँपिअर लागतात आणि माणसाला एक दशांश अँपिअरही पुरतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज बाहेर गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवी, आणि शक्य असेल तर टाइप ए, कारण चार्जरसारख्या उपकरणातून गळणारा प्रवाह धडधडता डीसी, म्हणजे एकाच दिशेने ठोक्याठोक्याने वाहणारा, असू शकतो आणि टाइप एसी आरसीसीबी तो ओळखेलच असे नाही. सगळ्या घराची तार बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च थोडा आहे, आणि मला विचाराल तर नव्या चार्जरच्याही आधी मी हाच करीन.

नवा चार्जर घेताना फोनच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. त्याच्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ‘आर-’ या अक्षरापुढे आठ अंकांचा नोंदणी क्रमांक आणि एकात एक दोन चौकोनांची खूण असते. दोन चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. खुणा नकली छापता येतात, म्हणून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून पाहा, तेथे उत्पादकाचे नाव येते. ते नाव चार्जरवरच्या नावाशी जुळले पाहिजे. चांगल्या चार्जरची तार पिनेजवळ तुटली असेल तर तार बदला, चिकटपट्टी गुंडाळू नका.

आईंच्या बाबतीत बाकीचे थोडक्यात सांगतो. ओल्या हाताने, आंघोळीनंतर ओल्या पायांनी, किंवा न्हाणीघरातल्या गीझरच्या पॉइंटवर फोन लावून बोलू नये. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना चार्जर भिंतीतून काढलेला असावा, कारण तारेवरून येणारी दाबाची अचानक उसळी (सर्ज) चांगल्या चार्जरचाही अडथळा फोडू शकतो. उशीखाली फोन चार्जिंगला ठेवू नये, मात्र तो धोका बॅटरी तापून पेटण्याचा आहे, शॉकचा नाही. आणि कधी शॉक लागलाच तर त्यांना हात न लावता आधी मेन स्विच पाडा, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा, 108 ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा. त्या लगेच उठून बसल्या तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा.

पलंग सरकवल्यावर तार कशी दिसली आणि बोर्डात आरसीसीबी आहे का, असल्यास तिचे ‘टी’ लिहिलेले चाचणी बटण दाबल्यावर ती खाली पडली का, हे कळवा. ती पडली नाही तर पुढे काय करायचे ते मी त्यानंतर सांगेन. तोवर फोन पूर्ण चार्ज करून, चार्जर काढूनच आईंच्या हातात द्या.