वडिलांबरोबर धावताना

प्रश्न : सुट्टीत परगावी गेल्यावर मी आणि माझे वडील पहाटे एकत्र धावतो, परंतु ते मागे पडले की मला चुकल्यासारखे वाटते. काय करावे?

उत्तर : वेग वडिलांचाच ठेवावा, आणि तो इतकाच असावा की धावताना दोघांनाही पूर्ण वाक्ये बोलता येतील. ठिकाण २५०० मीटरहून उंच असेल, तर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो; तिथे पहिले एक-दोन दिवस चालण्यावरच भागवावे. एकदा अनोळखी नदीकाठी माझ्या मुलीच्या बुटाची नाडी सुटली, दवाने भिजलेली ती गाठ बांधायला मी खाली बसलो, आणि धुक्यातून वर येणारा सूर्य आम्ही तिथेच थांबून पाहिला. त्या दिवशीचे अंतर मी कुठेही नोंदवले नाही.