वडापावमध्ये मेयो कशाला?

प्रश्न: ताई, आमच्या कॉलेजबाहेरच्या गाडीवर आता चीज वडापाव, शेजवान वडापाव, मेयो वडापाव असंच सगळं मिळतं, साधा मागितला तर गाडीवाला दादा बघतच राहतो. जुना वडापाव संपला का हो?

उत्तर: अगं संपला नाही, पण तुझी तळमळ कळते मला. मुळात वडापावच एकेकाळी नवीन फॅशन होती. पाव पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आला, बटाटेवडा घरोघरी होताच, आणि 1966च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी दोन्ही एकत्र केले असं सांगतात, मग 1982च्या संपानंतर गिरण्यांतल्या कितीतरी कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या आणि तो मुंबईभर पोटाचा आधार झाला. त्यामुळे बदलाला माझी हरकत नाही, शेजवानचं एक वेळ ठीक आहे, तिखट लसूणच आहे ना शेवटी.

पण मेयो आणि चीज मला खरंच पटत नाही. कढईतून काढलेला गरम वडा पावात दाबला की सुकी लसणीची चटणी त्या वाफेनेच सुटते, खोबरं-लसूण-लाल मिरचीचा वास नाकात जातो, आणि तिथे चीज घातलं की सगळं गिळगिळीत, चव दबून जाते, वडा शिळा असला तरी कळत नाही बघ. तू दादांना स्पष्ट सांग, साधा द्या, चटणी जास्त, चुरा वरून आणि सोबत तळलेली मिरची, दोन-चार जणींनी रोज मागितला तर ते ठेवतीलच.