इवाता गेले तेव्हा लोक का रडले?

प्रश्न : ताई, माझा मोठा दादा अजूनही ११ जुलै आला की सातोरू इवातांचा फोटो स्टेटसला ठेवतो. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे प्रेसिडेंट होते म्हणे. कंपनीच्या साहेबासाठी एवढं दुःख का होतं लोकांना?
– एक वाचक

उत्तर : अरे, ते नुसते साहेब नव्हते ना! मुळात प्रोग्रामर. मदर २ हा गेम पार अडकला होता तेव्हा ते म्हणाले, आहे तेच दुरुस्त करायचं तर २ वर्षं, मी पहिल्यापासून लिहिला तर सहा महिने, आणि गेम खरंच मार्गी लावला. २००२ मध्ये प्रेसिडेंट झाले, मग डीएस आणि वी ही गेम खेळायची यंत्रं आली, आणि ज्यांनी कधी गेमला हात लावला नव्हता अशी आजी-आजोबा मंडळीपण खेळायला लागली. २०११ मध्ये थ्रीडीएस या पुढच्या यंत्राची किंमत उतरवावी लागली तर स्वतःचा पगार निम्मा केला, लोकांना काढून टाकायच्या तर ते विरोधातच होते, नोकरी जाण्याची भीती मनात असलेला माणूस चांगला गेम कसा बनवेल असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये गेले, जेमतेम ५५ वर्षांचे. मला तर फार लवकर वाटतं. न्यूयॉर्कच्या निन्टेंडो स्टोअरबाहेर लोकांनी फुलं आणून ठेवली होती. दादाला एकदा विचार, त्याचा पहिला गेम कुठला होता ते.