मेजर विषयाचा फेरविचार करणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बी.एस्सी.च्या अर्जात मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून भूगर्भशास्त्र निवडलेस, आठवडाभरात मन रसायनशास्त्राकडे ओढ घेऊ लागले, आणि आता दुरुस्तीची मुदत संपण्यापूर्वी मी ठाम उत्तर द्यावे असे तुला वाटते. उत्तर देतो. त्याआधी एका प्रश्नाचा विचार कर: अर्ज भरला त्या दिवसापासून आजपर्यंत भूगर्भशास्त्राविषयी तुला नवीन असे काय कळले? तुझे पत्र मी दोनदा वाचले, पण त्यात अशी एकही नवी माहिती सापडली नाही. मोठेबाबांचे ‘दगडधोंड्यांचे शिक्षण’ हे शब्द, संगणकाकडे निघालेल्या मैत्रिणी, सहलींना मुलीला कसे पाठवायचे ही आईची काळजी, हे सारे अर्ज भरण्यापूर्वीही होते. माहिती तेवढीच राहिली आणि भीती मात्र वाढली, तर त्या भीतीच्या सांगण्यावरून विषय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तू हा विषय का निवडलास, हे तुझ्याच पत्रातल्या एका ओळीत आहे. तुमच्या शेतातल्या बोअरचे पाणी खारे, आणि अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तुझ्या मामांच्या विहिरीचे पाणी मात्र गोड, असे का, हा प्रश्न तुला लहानपणापासून पडतो. हा प्रश्न अस्सल भूगर्भशास्त्राचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत आणि त्यांतले भूजल अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात खारे आहे. डोंगराच्या पायथ्याशी मात्र गोटे व वाळू यांचा पाणी मुरू देणारा पट्टा आहे, ज्याला अभ्यासक बाजाडा म्हणतात. त्याच पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेऊन त्यातील विद्राव्य क्षार मोजणे आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेल्या लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या स्वीकार्य मर्यादेशी ते ताडून पाहणे, हे काम रसायनशास्त्राचे आहे. तुझे मन दोन्हींकडे ओढले जाते याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण तुझ्या घरच्या पाण्यातच दोन्ही विषय आहेत.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, आणि ती मोठेबाबांच्या टोमण्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. भूगर्भशास्त्राच्या पदवीत पाणी लगेच भेटत नाही. सुरुवातीला स्फटिकांची रचना, खनिजांची ओळख, खडकांचे प्रकार आणि जीवाश्म असतात; हातात नमुना घेऊन त्याचा रंग, कस (घासल्यावर उमटणारी रेघ) आणि कठीणपणा पाहण्यात तासन्‌तास जातात, आणि भूजल हा विषय त्यानंतर येतो. केवळ पाण्याच्या ओढीने गेलेली काही मुले तिथे कंटाळतात, तर काहींना त्या खनिजांचीच गोडी लागते. तू कोणत्या प्रकारची आहेस हे मी इथे बसून सांगू शकत नाही, परंतु तू स्वतः एका दुपारीत पडताळू शकतेस. दोन्ही विषयांचे पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे, घटकांची नावे सावकाश वाच आणि कोणत्या पानावर आपण थांबून राहतो ते पाहा. शक्य असेल तर अमरावतीला जाऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिची प्रात्यक्षिकाची वही दाखवायला सांग. परिचयपुस्तिकेतून कळणार नाही ते त्या वहीतून कळेल.

नोकरीचा प्रश्न तू भीत भीत विचारला आहेस, पण तो रास्त आहे. नुसत्या बी.एस्सी. भूगर्भशास्त्रावर फारसे काही हाती लागत नाही, एम.एस्सी. करावीच लागेल, याची कल्पना घरी आजच दे. शाळेत शिक्षिका होण्याचा विचार मनात असेल, तर रसायनशास्त्राची वाट अधिक सरळ आहे. परंतु विदर्भात या विषयाला काम नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपूरला आहे, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स व मँगनीज काढणारी मॉइल या कंपन्यांचीही मुख्यालये तिथेच आहेत, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. शिवाय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भूवैज्ञानिकांबरोबर रसायनशास्त्रज्ञांचीही निवड होते. म्हणजे आज ज्या दोन वाटा तुला परस्परविरोधी वाटतात, त्या एम.एस्सी.नंतर एकाच परीक्षेच्या दाराशी येऊ शकतात. आईंच्या काळजीविषयी एवढेच सांगतो की क्षेत्रभेटी हा अभ्यासाचा भाग आहे, त्या शिक्षकांसोबत गटाने होतात, आणि २०१९ पासून तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या पदांवर स्त्रियांना भूमिगत खाणींतही दिवसा काम करता येते.

आता माझे उत्तर. भूगर्भशास्त्र मेजर ठेव आणि महाविद्यालयात तशी जोडी मिळत असेल तर रसायनशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मेजरबरोबर मायनर असतो, त्यामुळे एक विषय निवडला म्हणजे दुसरा कायमचा सुटला, असे होत नाही. मात्र कोणत्या जोड्या उपलब्ध आहेत, मेजर नेमका कोणत्या सत्रात पक्का होतो, आणि पहिल्या वर्षानंतर मेजर व मायनर यांची अदलाबदल करता येते का, हे तीन प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयात समक्ष विचार आणि उत्तरे लिहून आण. सेतू केंद्रावर अर्ज भरून देणाऱ्या मुलाच्या शब्दावर याबाबतीत विसंबू नकोस. आणि अभ्यासक्रम वाचताना खनिजांची पाने तुला खरोखरच नकोशी वाटली, तर मात्र निःसंकोचपणे रसायनशास्त्राकडे वळ. तेव्हा तुझ्याजवळ बदलाचे एक खरे कारण असेल आणि ते घरी सांगताना तुला अडखळावे लागणार नाही.

दुरुस्ती करायची झाल्यास शेवटच्या दिवसाची वाट पाहू नकोस, कारण त्या दिवशी संकेतस्थळ आणि गावची वीज या दोहोंचा भरवसा नसतो. रविवारी मी घरीच आहे. बाबांना घेऊन ये, जमल्यास मोठेबाबांनाही आण, आणि दोन्ही अभ्यासक्रमांच्या छापील प्रती सोबत ठेव. आपण ती पाने त्यांच्यासमोरच वाचू.

तुझा हितचिंतक,
सर