पार्ट नंबरमधला ‘ई’

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, वय २९. सहा वर्षं जिग-फिक्स्चर (मशीनवर कापायचा तुकडा जागेवर पकडून ठेवणारी साधनं) डिझाइन करतोय. काम येतं, पण त्यात आता मन रमत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जायचं दोन वर्षांपासून डोक्यात आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा ‘लूप’च्या (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेण्याच्या) आसपास सुटला. मित्र म्हणतात, आता एआयच कोड लिहितं, तू कशाला शिकतोस? ही सहा वर्षं वाया गेली असं समजून पहिल्यापासून सुरुवात करू का?
— एक वाचक

उत्तर : ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते. तुझा कोर्स तीनदा सुटला, माझा चारदा. मी तेव्हा ३१ वर्षांची, तुझ्यासारखीच मेकॅनिकलमध्ये होते. दिवसभर टॉलरन्स स्टॅकअप (सुट्या भागांच्या मापांतल्या चालणाऱ्या फरकांची गोळाबेरीज) काढायचे आणि रात्री कोर्समधले मास्तर मला एक ते शंभरमधल्या मूळ संख्या छापायला लावायचे. त्या छापल्या नाहीत म्हणून कोणाचं काय अडत होतं?

माझं अडत होतं बीओएमपाशी, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या भागांच्या यादीपाशी. एका असेंब्लीच्या साडेचारशे ओळी. तोच बोल्ट दोन वेगळ्या नंबरांनी दोनदा मागवला जायचा आणि असल्या जोड्या शोधण्यात शुक्रवारची अख्खी दुपार जायची. एका शुक्रवारी वैतागून ठरवलं, हे पायथॉनकडून करून घ्यायचं. तीन आठवड्यांनी पस्तीस ओळींचा एक ओबडधोबड प्रोग्राम उभा राहिला. चालवला, तर म्हणे ‘००४७१२’ नावाचा पार्टच नाही! नंबर म्हटल्यावर त्याने ती खरोखरची संख्या समजून पुढची दोन शून्यं टाकून दिली होती. मी हुशारी केली, शून्यं परत चिकटवून सहा आकडे पुरे केले. पुढच्या फाइलमध्ये ‘१२ई५’ नंबरचा एक ब्रॅकेट होता. मधला इंग्रजी ई म्हणजे दहाचा घात असं समजून प्रोग्रामने त्याचे बारा लाख केले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला : पार्ट नंबर हा नंबर नसतोच, ते नाव असतं. त्याची कधी बेरीज करतो का आपण? डेटा टाइप म्हणजे काय, हे मला त्या ब्रॅकेटने शिकवलं. आणि लूप कळला, कारण त्या साडेचारशे ओळी मी स्वतः बोट ठेवून खाली सरकत वाचलेल्या होत्या.

तर चौथ्यांदा कोर्स लावू नकोस. तुझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम निवड. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधलं रिव्हिजन तपासणं असेल, क्लॅम्प आणि लोकेटिंग पिनांची यादी काढणं असेल. बहुतेक कॅड पॅकेजना बाहेरून प्रोग्रामने चालवायची सोय असते, काहींत मॅक्रो, म्हणजे आपण केलेल्या क्रियांचा छोटा प्रोग्राम, रेकॉर्डही करता येतो. रेकॉर्ड कर आणि त्याने काय लिहिलंय ते उघडून वाच. निम्मं कळणार नाही, वाच तरी. ऑफिसच्या फायलींवर असले प्रयोग करण्याआधी साहेबांना विचार, आणि कंपनीचा डेटा घरी नेऊ नकोस.

सहा वर्षं वाया गेली, हे मला मान्य नाही. सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्येही ‘फिक्स्चर’ असतं, माहीत आहे? तू थ्री-टू-वनने, म्हणजे तीन, दोन आणि एक अशा सहा टेकूंवर, जॉब (कापायचा तुकडा) बसवतोस तो कशासाठी? प्रत्येक जॉब तसाच, तिथेच बसावा म्हणून. टेस्टमधलं फिक्स्चर तेच करतं : प्रत्येक चाचणी त्याच ठरलेल्या स्थितीतून सुरू करतं. माझ्या टीममधल्या नव्या मुलांना हे समजवायला वेळ लागतो, तुला लागणार नाही. एककांचंही तसंच. १९९९च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचता पोहोचता गमावलं गेलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात देत होतं आणि घेणारं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. साडेचार पटीच्या आसपासचा फरक. टॉर्कच्या आकड्यापुढे एकक नसेल तर ड्रॉइंगवर सही न करणारा माणूस कोणत्याही सॉफ्टवेअर टीमला हवा असतो.

सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर मला जड गेलं ते वेगळंच. आपल्याला अर्धवट काम दाखवायची सवय नसते. टूल स्टीलचा ठोकळा एकदा कापला की कापला, म्हणून आपण ड्रॉइंग दहादा तपासतो. नव्या नोकरीत मी पहिलं काम तीन आठवडे कोणाला दाखवलंच नाही. दाखवलं तेव्हा माझ्याहून आठ वर्षांनी लहान मुलाने त्यावर ४१ शेरे मारले. तिसराच शेरा होता की पहिल्या दिवशी दाखवलं असतंत तर निम्मं लिहावंच लागलं नसतं. त्या रात्री मी राजीनाम्याचा मजकूर जुळवत बसले होते. शेरे बरोबर होते, हेच जास्त लागलं. कोड बदलणं स्वस्त असतं, रोज थोडं दाखवायचं आणि रोज थोडं मोडायचं, हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. उलट, फॅक्टर ऑफ सेफ्टीची (गरजेहून जास्त मजबुती ठेवण्याची) ऊब इथे नाही. दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी काही ठिकाणी आपलं भागतं. यादीतला क्रमांक एकाने चुकला की सरळ भलतीच वस्तू हातात येते.

दार कोणतं निवडायचं? वेबसाइट बनवणाऱ्यांच्या रांगेत तू नवशिका म्हणून शेवटी उभा राहशील. कॅड ऑटोमेशन, सिम्युलेशन, टेस्ट रिगचा डेटा किंवा कॅमचे (मशीनवरचं कापकाम आखणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पोस्ट-प्रोसेसर, इथे तशी गत नाही. पोस्ट-प्रोसेसर टूलपाथचं, म्हणजे कटरच्या मार्गाचं, त्या त्या मशीनला कळेल अशा जी-कोडमध्ये रूपांतर करतो. कटर क्लॅम्पवर आदळल्याचा आवाज ज्याने ऐकलाय, तो हा प्रोग्राम जास्त जपून लिहितो. तिथून पुढे वेबकडे जायचं तर जा, कोणी अडवणार नाही. फक्त आधी नोकरी सोडू नकोस, आणि पहिलं पद आताच्या पदाहून खालचं मिळू शकतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आता एआय. माझ्या त्या पस्तीस ओळी ते आज मिनिटभरात लिहून देईल, माझ्याहून नेटक्या. मीही रोज वापरते. पण तुमच्याकडे ‘१२ई५’ हे ब्रॅकेटचं नाव आहे हे त्याला कोण सांगणार? आणि उत्तरात बारा लाख आले तर दचकणार कोण? म्हणून पहिले काही महिने त्याच्याकडून लिहून घेण्याऐवजी समजावून घे, आणि लिही स्वतः.

गिटही (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आत्ताच शीक. ‘फायनल_नवीन_खरंफायनल’ अशा नावाच्या फायली तुझ्याकडेही असणारच. ड्रॉइंगची रिव्हिजन इतकी काटेकोर ठेवणारे आपण मॅक्रोच्या बाबतीत इतके गबाळे का असतो, कोण जाणे.

आणि बीओएमपासूनच सुरुवात करणार असशील, तर पार्ट नंबरचा कॉलम पहिल्याच ओळीत मजकूर म्हणून वाचायला सांग. माझी खरी डोकेफोड त्यातच झाली होती.